सांकेतिक भाषेचा शिक्षक व्हायचे तर: कोणते शिक्षण कशासाठी आणि त्याची मान्यता कशी तपासायची

सांकेतिक भाषा शिकवायची असेल तर काय शिकावे लागते, असा प्रश्न बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने विचारला, तर त्याला चार ठिकाणी चार उत्तरे मिळतात. कोणी बी.एड. करायला सांगतो, कोणी दोन वर्षांच्या पदविकेचे नाव घेतो, कोणी तीन महिन्यांच्या ऑनलाइन वर्गाची जाहिरात पाठवतो, तर कोणी ‘मूकबधिर शाळेत जाऊन विचारा’ एवढेच सांगून मोकळा होतो. यातले कोणतेही उत्तर पूर्णपणे चुकीचे नाही. अडचण अशी आहे, की विचारणाऱ्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि प्रत्येक जण वेगळ्याच कामाचे उत्तर देत असतो. भारतात सांकेतिक भाषेच्या आसपास तीन निरनिराळी कामे आहेत, त्या तिन्हींचे शिक्षण वेगळे आहे, आणि एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे आधी समजले, तर मान्यतेचा पुढचा सगळा गुंता बराच सोपा होतो.

पहिले काम भाषेच्या शिक्षकाचे. बधिर मुलांच्या ऐकू येणाऱ्या पालकांना, विशेष शाळांतल्या शिक्षकांना, दुभाषी होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि खुद्द बधिर मुलांनाही भारतीय सांकेतिक भाषा एक भाषा म्हणून, तिच्या शब्दसंग्रहासह आणि व्याकरणासह शिकवणे, हे त्याचे काम. दुसरे काम विशेष शिक्षकाचे. तो कर्णबधिर मुलांना गणित, विज्ञान, भूगोल, मराठी असे शालेय विषय शिकवतो. सांकेतिक भाषा त्याच्यासाठी विषय नसून शिकवण्याचे माध्यम असते, निदान असायला हवी. तिसरे काम दुभाष्याचे. न्यायालयात, रुग्णालयात, महाविद्यालयाच्या वर्गात किंवा बातम्यांच्या वाहिनीवर बोलली जाणारी भाषा सांकेतिक भाषेत आणि सांकेतिक भाषा बोलीत आणण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. लोकांच्या डोळ्यांसमोर बहुधा हा तिसरा माणूस असतो, कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच्या कोपऱ्यात तोच दिसतो, आणि म्हणून तोच सांकेतिक भाषेचा शिक्षक आहे असाही समज होतो.

या तिन्ही कामांसाठी असलेले मुख्य अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे सगळे जिला ‘आरसीआय’ म्हणतात तिच्या, मान्यतेखाली चालतात. भाषेच्या शिक्षकासाठी ‘डिप्लोमा इन टीचिंग इंडियन साइन लँग्वेज’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला संक्षेपाने डीटीआयएसएल म्हणतात. दुभाष्यासाठी ‘डिप्लोमा इन इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशन’ आहे, ज्याला या क्षेत्रातले लोक नुसते ‘डिस्ली’ म्हणतात. विशेष शिक्षकासाठी बारावीनंतरची विशेष शिक्षणातली पदविका, म्हणजे डी.एड. विशेष शिक्षण, आणि पदवीनंतरचे बी.एड. विशेष शिक्षण असे दोन मार्ग आहेत. मात्र त्यात ‘श्रवणदोष’ हीच शाखा निवडलेली असावी लागते. दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमता या शाखांतले बी.एड. तितकेच मान्यताप्राप्त असले, तरी त्यातून कर्णबधिर मुलांना शिकवण्याची तयारी होत नाही.

डीटीआयएसएलची एक अट ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. हा अभ्यासक्रम बधिर व्यक्तींसाठीच आहे. ज्याला ऐकू येते त्याला त्यात प्रवेश मिळत नाही. उलट डिस्ली हा ऐकू येणाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम आहे. ही वाटणी समजून घ्यायची, तर भाषा कुठे आणि कशी राहते याकडे पाहावे लागते. बहुतेक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे त्यांना सांकेतिक भाषा घरात मिळत नाही. ती मिळते शाळेच्या वसतिगृहात मोठ्या मुलांकडून, बधिरांच्या मंडळांत आणि संमेलनांत. भाषेचा साठा असा माणसांच्या रोजच्या वापरात असतो, आणि तो वापर करणारे बधिर लोकच असतात. सांकेतिक भाषेचे व्याकरण हातांच्या खुणांपुरते नसते. भुवया उंचावल्या, डोळे किंचित विस्फारले आणि मान पुढे झुकली, की त्याच खुणांचा ‘हो की नाही’ अशा उत्तराचा प्रश्न होतो. मराठीत ‘तू कुठे राहतोस’ या वाक्यात प्रश्नार्थक शब्द क्रियापदाच्या आधी येतो, तर भारतीय सांकेतिक भाषेत तो वाक्याच्या शेवटी येतो: ‘तू राहणे कुठे’. एखाद्या व्यक्तीला हवेतल्या एका जागी ‘ठेवले’, की पुढच्या वाक्यांत त्या जागेकडे नुसते बोट दाखवून तिच्याविषयी बोलता येते. ऐकू येणारा माणूस हे सगळे शिकू शकतो, चांगलेही शिकू शकतो. पण शब्द पाठ करून त्यांची मराठी किंवा इंग्रजी क्रमाने माळ ओवणारे शिक्षक आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या विद्यार्थ्याचे बोलणे बधिर माणसाला कष्टाने उलगडावे लागते. म्हणून भाषेच्या शिक्षकाची जागा बधिरांसाठी राखणे ही मला केवळ रोजगाराची सवलत वाटत नाही. भाषा तिच्या बोलणाऱ्यांकडून शिकावी, हा त्यामागचा साधा शैक्षणिक विचार आहे.

मग कर्णबधिरांच्या शाळेतल्या बी.एड. झालेल्या शिक्षकाला सांकेतिक भाषा उत्तम येत असणार, असे गृहीत धरायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि तिचे कारण इतिहासात आहे. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातले जवळपास सगळे प्रतिनिधी ऐकू येणारे होते. खुणांपेक्षा उच्चार आणि ओठवाचन श्रेष्ठ आहे, तेव्हा शाळांत मौखिक पद्धतच वापरावी, असा ठराव त्यांनी केला. भारतातली पहिली मानली जाणारी बधिरांची शाळा मुंबईत सुरू झाली, ती याच दशकात, आणि पुढे देशात निघालेल्या बहुसंख्य शाळांवर त्याच विचाराचा पगडा राहिला. मुलांनी वर्गात हात हलवू नयेत, ओठांकडे पाहावे आणि बोलण्याचा सराव करावा, हे शिक्षणाचे उद्दिष्ट होते, आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही त्याला धरूनच आखले गेले. मुले मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात खुणांनीच बोलत राहिली. भाषा टिकली ती अशी, अभ्यासक्रमाच्या बाहेर. मिलानचे ते ठराव याच विषयावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अधिकृतपणे नाकारले, ते 2010 मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हर येथे. म्हणजे मध्ये एकशे तीस वर्षे गेली.

खुणांची ही पद्धत स्वतंत्र, पूर्ण भाषा आहे, हे भाषाशास्त्राच्या कसोटीवर दाखवण्याची सुरुवात अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये केली. भारतात 1970 च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर या शहरांतल्या खुणांचा अभ्यास केला. वसिष्ठ स्वतः बधिर आहेत. त्यानंतर शिक्षण-प्रशिक्षणाच्या पातळीवर जे घडले त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, जी 1983 मध्ये स्थापन झाली होती, 2001 मध्ये सांकेतिक भाषेचा विभाग सुरू झाला आणि ए, बी, सी अशा चढत्या स्तरांचे अभ्यासक्रम आकाराला आले. आजच्या पदविका त्यांच्याच पुढच्या आवृत्त्या म्हणता येतील. 2011 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, पण ते दोनच वर्षांत बंद पडले. बधिर संघटनांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि 28 सप्टेंबर 2015 रोजी दिल्लीत ‘इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर’ केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाखाली स्वतंत्र संस्था म्हणून उभे राहिले. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती 2018 मध्ये 3,000 शब्दांची होती, 2019 मध्ये ती 6,000 वर गेली आणि 2021 मध्ये 10,000 वर.

या तारखा मुद्दाम दिल्या, कारण त्यांतून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. 1995 मध्ये किंवा 2005 मध्ये प्रशिक्षण घेतलेल्या विशेष शिक्षकाची पदवी पूर्णपणे वैध असूनही तिच्यात सांकेतिक भाषेचा भाग नगण्य असण्याची शक्यता मोठी आहे. आजच्या बी.एड. श्रवणदोष अभ्यासक्रमात भारतीय सांकेतिक भाषेचा समावेश आहे. पण त्याच दोन वर्षांत श्रवणचाचणी, श्रवणयंत्रे, कॉक्लिअर इम्प्लांट, वाचाविकास, पाठनियोजन आणि शिक्षणाचे मानसशास्त्र हेही शिकायचे असते. एवढ्या गर्दीत भाषेवर प्रभुत्व येणे अवघड आहे. ज्याला कर्णबधिरांच्या शाळेत शिकवायचे आहे, त्याने बी.एड. तर करावेच, पण सांकेतिक भाषेचे शिक्षण त्याच्या बरोबरीने, बधिर शिक्षकांकडून, स्वतंत्रपणे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मान्यतेकडे वळू. इथे वाचकाचा सर्वाधिक गोंधळ होतो, कारण ‘मान्यताप्राप्त’ हा शिक्का चार वेगवेगळ्या यंत्रणा चार वेगवेगळ्या गोष्टींवर मारतात.

पहिली यंत्रणा भारतीय पुनर्वास परिषद. तिचा कायदा 1992 चा. तो 1993 मध्ये अमलात आला आणि 2000 मध्ये त्यात सुधारणा झाली. पुनर्वसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे अभ्यासक्रम ठरवणे, ते चालवणाऱ्या संस्थांना मान्यता देणे आणि प्रशिक्षित व्यक्तींची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणे ही तिची कामे आहेत. कायद्याच्या कलम 13 नुसार, मान्यताप्राप्त पात्रता आणि या नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणालाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून शासकीय पद धारण करता येत नाही किंवा देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही. भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची रक्कम आज हास्यास्पद वाटेल, पण शिक्षेपेक्षा त्यातला पहिला भाग महत्त्वाचा आहे: हातात प्रमाणपत्र असले आणि नोंदवहीत नाव नसले, तर नोकरीच्या वेळी ते प्रमाणपत्र अपुरे ठरते. नोंदणी एकदा केली की जन्मभर टिकते असेही नाही. तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यशाळांना हजेरी लावून गुण जमवावे लागतात.

दुसरी यंत्रणा विद्यापीठ अनुदान आयोग. 1956 च्या आयोगाच्या कायद्यातले कलम 22 सांगते, की पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. त्यामुळे बी.एड. किंवा एम.एड. देणारी संस्था अशा विद्यापीठाशी संलग्न आहे की नाही, हे पाहावे लागते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग किंवा चेंबूरचे हशू अडवाणी विशेष शिक्षण महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी अशा पदव्यांचे शिक्षण मिळते. तिथे पदवी विद्यापीठाची असते आणि अभ्यासक्रमाची मान्यता पुनर्वास परिषदेची. विशेष शिक्षणाच्या पदवीला ही दोन्ही दारे ओलांडावीच लागतात.

पदविकेचे तसे नाही, आणि इथे पालक हमखास अडखळतात. डिस्ली किंवा डीटीआयएसएलच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव नसते, म्हणून ती दुय्यम किंवा संशयास्पद आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात या पदविकांची परीक्षा पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीतले राष्ट्रीय पुनर्वसन परीक्षा मंडळ घेते, आणि संस्था कोणतीही असली तरी प्रमाणपत्र त्या राष्ट्रीय व्यवस्थेचे असते. दिल्लीचे केंद्र, वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा तिरुवनंतपुरमची ‘निश’ या संस्थांत शिकलेल्या दुभाष्यांची पात्रता कागदावर सारखीच असते.

तिसरी यंत्रणा राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे ‘नॅक’. तिचा दर्जा महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते: इमारत, ग्रंथालय, संशोधन, प्रशासन, निकाल. एखाद्या महाविद्यालयाला वरचा दर्जा असला, तरी त्यातल्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. उलट, फक्त पदविका चालवणाऱ्या छोट्या संस्थेला नॅकचा दर्जा नसेल, तर त्यात काही वावगे नाही. चौथी यंत्रणा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. ती सर्वसाधारण बी.एड. आणि डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, यांचे नियमन करते. सर्वसाधारण बी.एड. झालेली व्यक्ती सामान्य शाळेत शिक्षक होऊ शकते, पण तेवढ्या पदवीवर ती कर्णबधिरांची विशेष शिक्षक ठरत नाही.

या चौघांखेरीज जाहिरातींत आणखी काही शब्द भेटतात. ‘शासन नोंदणीकृत’, ‘आयएसओ प्रमाणित’, ‘उद्यम नोंदणी असलेली’ ही विशेषणे खोटी असतातच असे नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेली असू शकते, किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेली असू शकते, किंवा तिच्या कार्यालयीन कामकाजाला आयएसओचे प्रमाणपत्र असू शकते. यातले काहीही अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. वाचकाने जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त’ असे वाचले, की लगेच विचारावे: कोणाची मान्यता, आणि ती संस्थेला आहे की या अभ्यासक्रमाला?

तपासणी प्रत्यक्ष कशी करावी, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नुकसान बहुधा तपशिलात होते. पुनर्वास परिषद आपल्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी ठेवते. त्या यादीत संस्थेचे नाव दिसले म्हणजे काम झाले, असे मानू नये. मान्यता विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक शैक्षणिक वर्षांपुरती आणि ठरावीक विद्यार्थिसंख्येसाठी दिलेली असते. संस्थेला बौद्धिक अक्षमतेच्या पदविकेची मान्यता असेल आणि ती डिस्लीचे प्रवेश घेत असेल, तर त्या प्रवेशाला आधार नाही. मान्यतेची मुदत गेल्या वर्षी संपली असेल आणि ‘नूतनीकरण प्रक्रियेत आहे’ असे तोंडी सांगितले जात असेल, तर नूतनीकरणाचे पत्र हातात येईपर्यंत पैसे भरू नयेत. पंचवीस जागा मंजूर असताना चाळीस जणांना प्रवेश दिला गेला, तर वरच्या पंधरा जणांची परीक्षेसाठी नोंदणी होईल कशी, याचे उत्तर संस्थेकडून लेखी मागावे. पत्ता सुद्धा पाहावा. मान्यता एका शहरातल्या केंद्राला आणि वर्ग दुसऱ्याच शहरातल्या ‘शाखेत’, हा प्रकार नवीन नाही. एखाद्या शिक्षकाने आपण नोंदणीकृत आहोत असे सांगितले, तर त्याच्या नोंदणी क्रमांकावरून त्याचे नाव आणि पात्रता परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत पाहता येते.

दूरशिक्षणाविषयी एक इशारा द्यायला हवा. विशेष शिक्षणाचे बी.एड. दूरस्थ पद्धतीने करायचे असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणासाठीची मंजुरी आणि पुनर्वास परिषदेची मंजुरी, या दोन्ही त्या विद्यापीठासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्या वर्षासाठी असाव्या लागतात. सांकेतिक भाषेच्या पदविका मात्र समोरासमोर शिकण्याच्या आहेत. चेहरा, शरीर आणि अवकाश वापरणारी भाषा फक्त ध्वनिचित्रफिती पाहून शिकवायला शिकता येईल, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून तीन महिन्यांचे ऑनलाइन वर्ग निरुपयोगी आहेत असे नाही. बधिर संस्था आणि बधिर शिक्षक चालवत असलेले असे अनेक वर्ग फार चांगले आहेत. पालकांनी, डॉक्टरांनी, पोलिसांनी, बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी ते अवश्य करावेत. दिल्लीचे केंद्रही प्राथमिक स्तराचे छोटे अभ्यासक्रम चालवते. भाषेची ओळख करून घ्यायला ते पुरेसे असतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर मात्र कोणी शिक्षक किंवा दुभाषी होत नाही. ज्यांचे आईवडील किंवा भावंडे बधिर आहेत आणि जे लहानपणापासून दुभाष्याचे काम करत आले आहेत, अशा ऐकू येणाऱ्या व्यक्तींसाठी पूर्वज्ञानाची चाचणी घेऊन कौशल्याचे प्रमाणपत्र देण्याचा मार्ग दिल्लीच्या केंद्राने काढला आहे, आणि तो योग्यच आहे. घरात भाषा शिकलेल्या माणसाला पुन्हा मुळाक्षरांपासून बसवण्यात अर्थ नसतो.

मान्यता तपासून झाली, की खरी निवड सुरू होते. मान्यता ही किमान अट आहे; तिच्या पलीकडे संस्था चांगली आहे की नाही, हे कागद सांगत नाहीत. अभ्यासक्रम निवडणाऱ्याने संस्थेत जाऊन एक दिवस काढावा आणि पाहावे, की तिथे शिकवणाऱ्यांत बधिर प्राध्यापक किती आहेत, आणि ते फक्त सराव घेणारे साहाय्यक आहेत की त्यांच्याकडे संपूर्ण विषय सोपवलेले आहेत. ऐकू येणारे प्राध्यापक बधिर सहकाऱ्यासमोर आपसांत तोंडाने बोलतात की खुणांनी, यावरूनही पुष्कळ कळते. विद्यार्थ्यांच्या परीक्षा लेखीच असतात की त्यांच्या खुणांच्या चित्रफिती घेऊन तपासल्या जातात, बधिरांच्या मंडळांशी आणि शाळांशी प्रत्यक्ष कामाचा संबंध किती आहे, प्रादेशिक खुणांमधला फरक शिकवला जातो का, हेही विचारावे. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथल्या बधिरांचे व्याकरण बरेचसे सारखे असले, तरी अनेक शब्दांच्या खुणा वेगळ्या आहेत, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही देशभर भाषेचे प्रमाणीकरण करताना स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखावा आणि शक्य तिथे त्या शिकवाव्यात, असे म्हटले आहे. मोठ्या नावाच्या पण बधिर प्राध्यापक नसलेल्या संस्थेपेक्षा चार बधिर शिक्षक असलेली लहान मान्यताप्राप्त संस्था मी केव्हाही पसंत करेन.

बधिर विद्यार्थ्याची वाट यात अधिक खडतर आहे, हे नोंदवायलाच हवे. भाषेच्या शिक्षकाची पदविका त्याच्यासाठी आहे, पण तिथवर पोहोचायला बारावी लागते, आणि सांकेतिक भाषा न जाणणाऱ्या शिक्षकांच्या हाताखाली बारावीपर्यंत पोहोचणे हाच अनेकांच्या बाबतीत मोठा अडथळा ठरतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये सांकेतिक भाषेत पात्र असलेल्या शिक्षकांची, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकांचीही, नेमणूक करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्याच कलमात परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींचाही उल्लेख आहे. 2021 पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषय उपलब्ध केला, त्यामुळे बधिर मुलाला आपली भाषा परीक्षेचा विषय म्हणून घेता येते. आणि त्या विषयाला शिक्षक लागणार, हेही ओघानेच आले.

पदविकेनंतर पुढे काय, हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ब्रिटनमधल्या सेंट्रल लँकेशर विद्यापीठाच्या सहकार्याने बधिर विद्यार्थ्यांसाठी उपयोजित सांकेतिक भाषा अभ्यासाची बी.ए. पदवी सुरू केली होती, आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या अनेकांनी पुढे या क्षेत्रात शिक्षक म्हणून काम केले. आज मात्र पदविका घेतलेल्या बहुतेक शिक्षकांना पदवीसाठी दुसराच विषय निवडावा लागतो. त्यांनी मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करावी असे मी सुचवेन, कारण पदवीशिवाय बी.एड. करता येत नाही आणि शासकीय वेतनश्रेणीत पदविका व पदवी यांतले अंतर मोठे असते. महाराष्ट्रात डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. कर्णबधिरांच्या अनुदानित शाळांतली पदे विशेष शिक्षकांची असतात, आणि ती भरताना श्रवणदोष शाखेची पात्रता व चालू असलेली नोंदणी पाहिली जाते. तिथे केवळ डिस्ली किंवा केवळ डीटीआयएसएल पुरत नाही.

परदेशी पदवीचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मुद्दा थोडक्यात असा, की सांकेतिक भाषा जगभर एक नाही. अमेरिकेतली आणि ब्रिटनमधली सांकेतिक भाषा एकमेकींपासूनही वेगळ्या आहेत आणि भारतीय सांकेतिक भाषेपासूनही. वॉशिंग्टनचे गॅलॉडेट विद्यापीठ 1864 पासून बधिरांचे उच्च शिक्षण देत आहे आणि तिथे सांकेतिक भाषाशिक्षणाची पदव्युत्तर पदवीही आहे, पण ती अमेरिकी सांकेतिक भाषेसाठी आहे. अमेरिकेत संस्थांची मान्यता प्रत्यायन मंडळे देतात, आणि कोणते मंडळ खरे व कोणते केवळ नावाचे, हे तिथल्या शिक्षण खात्याच्या यादीवरून तपासता येते. सांकेतिक भाषेच्या शिक्षकांना प्रमाणपत्र देणारी तिथल्या शिक्षकांची संघटना वेगळी आहे, आणि शाळेत शिकवायचे तर त्या त्या राज्याचा परवाना आणखी वेगळा. तिथे शिकून भारतात परतणाऱ्याला पदवीची समकक्षता मिळवावी लागते आणि विशेष शिक्षक म्हणून काम करायचे असेल तर पुनर्वास परिषदेकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. पुण्यातून किंवा पणजीतून डिस्ली करून न्यू जर्सीत दुभाषी होण्याचा विचार असेल, तर तिथली भाषा नव्याने शिकावी लागेल हे आधीच धरून चालावे.